अयनदिन आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित : आकाश पाहून पंचांग तपासणारे एक शाळामास्तर



आज आपण शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या जीवनाची माहिती पाहणार आहोत. ते नामवंत ज्योतिर्विद म्हणून ओळखले जातात, पण पोटापाण्यासाठी त्यांनी आयुष्यभर शिक्षकीच केली. म्हणजे ते आपल्यापैकीच एक होते. २१ जून हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस का असतो, हा धडा शिकवताना त्यांची आठवण ठेवली तर एक अवघड प्रश्न सोपा होतो. तो प्रश्न कोणता, ते आधी सांगतो.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवतो. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात ऋतू कसे होतात हा भाग चालू होता. २२ डिसेंबरपासून सूर्याचं उत्तरायण सुरू होतं, असं मी फळ्यावर लिहिलं. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. तिची आजी म्हणते की उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं आणि संक्रांत तर १४ जानेवारीला असते. मग पुस्तक चुकलं की आजी चुकली, असं तिला विचारायचं होतं. खरं सांगतो, त्या दिवशी मी उत्तर टाळलं. पुस्तकातलं शास्त्र आणि घरातली श्रद्धा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, असं काहीतरी बोलून पुढे गेलो. मुलगी खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पुढे दीक्षितांविषयी वाचलं तेव्हा कळलं की नेमक्या याच प्रश्नाने या माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग व्यापला होता. आणि त्यांनी उत्तर टाळलं नव्हतं.

मुरुडचा मुलगा

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. समुद्राकाठचं हे छोटंसं गाव. पुढे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावात लहानाचे मोठे झाले. कर्वे दीक्षितांपेक्षा सुमारे पाच वर्षांनी लहान.

दीक्षितांचं सुरुवातीचं शिक्षण गावच्या मराठी शाळेत झालं. जोडीला थोडं संस्कृतही झालं. नंतर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षकाचं शिक्षण घ्यायला गेले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. जे काही मिळवलं ते नोकरी सांभाळून, रात्री जागून, स्वतः वाचून मिळवलं. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत होत शेवटी ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक म्हणून आले. ज्या प्रकारच्या संस्थेत स्वतः शिकले, तिथेच नव्या शिक्षकांना घडवायचं काम त्यांच्याकडे आलं.

बदली म्हणजे काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. नवं गाव, नवं घर, नवे विद्यार्थी. सामानात पुस्तकं किती न्यायची हाही प्रश्नच. अशा धावपळीत त्यांनी मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी लिहायला सुरुवात केली. ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’ हे त्यांचं पुस्तक विद्यार्थ्यांसाठी होतं. मग ‘सृष्टिचमत्कार’ आलं. १८९२ मध्ये ‘ज्योतिर्विलास’ आलं. त्याचं दुसरं नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असं आहे. नाव पाहूनच लक्षात येतं की लेखक शिक्षक आहे. जेवणं झाल्यावर अंगणात बसून तारे कसे ओळखावेत, ते कुठून उगवतात, कुठे मावळतात, हे तो वाचकाला जवळ बसवून सांगतो.

२१ जूनला नेमकं काय होतं?

दीक्षितांच्या कामाचं महत्त्व कळायला आधी अयनदिन नीट समजून घेऊ. मुलांना सांगताना एक गैरसमज पहिल्यांदा काढावा लागतो. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उकडतं, असं बऱ्याच मुलांना (आणि मोठ्यांनाही, बरं का) वाटतं. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. म्हणजे आपण हिवाळ्यात स्वेटर घालून बसतो तेव्हा सूर्य जास्त जवळ असतो.

खरं कारण पृथ्वीचा कललेला आस. हा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर त्याची दिशा तशीच राहते, ध्रुवताऱ्याकडे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा एका बाजूला असताना उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूला गेल्यावर सूर्यापासून मागे झुकलेला असतो. २१ जूनच्या सुमारास उत्तरेचा कल सूर्याकडे सर्वांत जास्त असतो. त्या दिवशी सूर्य कर्कवृत्तावर डोक्यावर येतो. उत्तर गोलार्धात तो सर्वांत मोठा दिवस. तिथून सूर्य पुन्हा दक्षिणेकडे सरकू लागतो, म्हणजे दक्षिणायन सुरू होतं. २२ डिसेंबरच्या सुमारास याच्या उलट घडतं आणि उत्तरायण सुरू होतं.

आता हे आपल्या वर्ध्यावर लावून पाहू. वर्धा सुमारे पावणे एकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला साधारण ३०० किलोमीटर. त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षात दोनदा जातो, एकदा २४ मेच्या सुमारास आणि परत जाताना १९-२० जुलैच्या सुमारास. या दोन तारखांच्या मधल्या काळात भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेकडच्या दारातून दुपारचं ऊन आत येतं ते याच दिवसांत. वर्ध्यात २१ जूनचा दिवस सुमारे १३ तास २३ मिनिटांचा असतो आणि २२ डिसेंबरचा सुमारे १० तास ५२ मिनिटांचा. अडीच तासांचा फरक! एवढा फरक पडतो तो फक्त त्या कलामुळे.

मग आपल्याकडे जूनपेक्षा मे महिन्यात जास्त का तापतं? कारण मेअखेर सूर्य डोक्यावर असतो, आकाश कोरडं असतं आणि जमीन भाजून निघालेली असते. जूनच्या मध्यानंतर पावसाळी ढग येतात आणि दिवस मोठा असूनही ऊन जमिनीपर्यंत कमी पोहोचतं. सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत गरम दिवस एक नसतात, हे वर्ध्याच्या मुलांना अनुभवाने पटकन कळतं.

मग संक्रांतीला उत्तरायण कसं?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. दीक्षितांच्या तरुणपणी हाच वाद महाराष्ट्रात गाजत होता.

आपण भोवरा फिरवतो. तो वेगाने फिरतो, पण जरा कलला की त्याची आरही हळूहळू गोल फिरू लागते. पृथ्वीचंही तसंच आहे. तिचा मध्य थोडा फुगलेला आहे. त्या फुगवट्यावर चंद्र आणि सूर्य यांची ओढ बसते, त्यामुळे पृथ्वीचा आस फार सावकाश डोलतो. एक पूर्ण डोल घ्यायला सुमारे २५,८०० वर्षं लागतात. वर्षभर आसाची दिशा तशीच राहते असं वर म्हटलं, ते एका वर्षापुरतं खरं आहे. हजारो वर्षांचा हिशोब केला की ती बदलताना दिसते.

याचा परिणाम असा की अयनदिनी सूर्य ज्या ताऱ्यांजवळ असतो ती जागा दर ७२ वर्षांना साधारण एक अंश मागे सरकते. यालाच अयनचलन म्हणतात. हे चलन धरून केलेली गणना ती सायन, म्हणजे अयनासहित. ते वगळून ताऱ्यांवरून केलेली गणना ती निरयन. आपली बहुतेक पंचांगं निरयन आहेत. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही गणना जुळत होत्या. तेव्हा सूर्य मकर राशीत शिरायचा त्याच सुमारास उत्तरायणही सुरू व्हायचं. आजीचं म्हणणं त्या काळी अगदी बरोबर होतं. पुढे अयनदिन ऋतूंबरोबर जागच्या जागी राहिला आणि पंचांगातली संक्रांत दर ७०-७२ वर्षांना एक दिवस पुढे गेली. आज दोघांमध्ये साधारण २४ दिवसांचं अंतर पडलं आहे.

याचा पुरावा आपल्या शाळेच्या दिनविशेषातच सापडतो. १२ जानेवारी १८६३ रोजी स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. दीडशे वर्षांत एवढा फरक. असंच चालत राहिलं तर काही हजार वर्षांनी तिळगूळ ऐन उन्हाळ्यात वाटावा लागेल.

वादात उडी

पंचांग आणि आकाश जुळत नाही, ही गोष्ट दीक्षितांच्या आधीच्या लोकांनाही दिसली होती. गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी पंचांगात सुधारणा केली होती. विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन गणनेचा जोरदार पुरस्कार केला. जनार्दन बाळाजी मोडक त्यांच्या बाजूचे. तरुण दीक्षित या दोघांना जाऊन मिळाले आणि १८८० च्या दशकात तिघांच्या खटपटीतून सायन पंचांग निघू लागलं.

विचार करा, त्या काळी हे किती अवघड होतं. पंचांग बदलायचं म्हणजे सण, व्रतं, मुहूर्त सगळं हलायचं. काही वेळा सण जवळजवळ महिनाभर मागे-पुढे व्हायचे. घरोघरच्या स्त्रिया, गावचे जोशी, मठ-मंदिरं, सगळ्यांच्या सवयीला हात घालायचा. आणि हे करणारा माणूस कोण, तर एक शाळामास्तर. दीक्षितांचं म्हणणं साधं होतं. आपले सण ऋतूंशी बांधलेले आहेत आणि ऋतू सूर्याच्या अयनावर चालतात, तेव्हा गणनाही अयनावर हवी. ते धर्माच्या विरोधात नव्हते. धर्मातल्या गोष्टी ज्या ऋतूत सांगितल्या आहेत त्याच ऋतूत व्हाव्यात, अशीच त्यांची भूमिका होती.

लोकांनी मात्र सायन पंचांग स्वीकारलं नाही. आजही आपण १४ जानेवारीलाच तिळगूळ देतो. त्या अर्थी दीक्षित हा वाद जिंकले नाहीत. पण वाद घालताना त्यांना एक सवय लागली होती, जुन्या ग्रंथात काय लिहिलंय ते मुळातून पाहायचं आणि मग ते आकाशाशी ताडून बघायचं. त्यांचं सर्वांत मोठं काम या सवयीतूनच उभं राहिलं.

आश्लेषापासून आर्द्रापर्यंत

पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीने भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावरील ग्रंथासाठी बक्षीस लावलं होतं. दीक्षितांनी हे काम अंगावर घेतलं. नोकरी सांभाळून पोथ्या, सिद्धांतग्रंथ, करणग्रंथ आणि पंचांगं तपासली. त्यातून ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा मोठा ग्रंथ तयार झाला आणि १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात वेदकाळ आणि वेदांगकाळ आहे, दुसऱ्यात सिद्धांतकाळापासून पुढचं. संस्कृतात नाही, इंग्रजीत नाही, सरळ मराठीत लिहिलेला.

या ग्रंथात अयनदिन एखाद्या घड्याळासारखा वापरलेला दिसतो. उदाहरण घेऊ. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात सांगितलं आहे की सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी आला की उत्तरायण सुरू होतं आणि आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर आला की दक्षिणायन. आज काय आहे? हे आपल्या जिल्ह्यातला कोणताही शेतकरी सांगेल. ७-८ जूनला मृग लागतो, २१-२२ जूनला आर्द्रा लागतात. म्हणजे आज दक्षिणायन सुरू होतं तेव्हा सूर्य आर्द्रा नक्षत्राच्या आरंभी असतो. आश्लेषाच्या मध्यावर तो पोहोचतो थेट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात.

चला, फळ्यावर हिशोब करू. आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही तीन नक्षत्रं आणि अर्धी आश्लेषा, एकूण साडेतीन नक्षत्रं. एक नक्षत्र म्हणजे १३ अंश २० कला. साडेतीन नक्षत्रांचे सुमारे ४६ पूर्णांक दोन तृतीयांश अंश. एका अंशाला ७२ वर्षं धरली तर सुमारे ३,३६० वर्षं. आजपासून तेवढं मागे गेलं की आपण इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात पोहोचतो. म्हणजे त्या ग्रंथातली नोंद ज्या आकाशाची आहे ते आकाश तेव्हाचं. ग्रंथ नेमका कधी लिहिला गेला यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण हिशोबाची रीत सातवी-आठवीच्या मुलालाही करता येईल अशी आहे.

दुसरं उदाहरण त्यांनी १८९५ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात मांडलं. शतपथ ब्राह्मणात असा उल्लेख आहे की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रं ढळतात. दीक्षितांनी हे वाक्य केवळ स्तुती म्हणून सोडून दिलं नाही. कृत्तिका अगदी पूर्वेला केव्हा उगवत असतील याचं गणित केलं. उत्तर आलं, इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं. त्यांच्या या निष्कर्षावर आजही चर्चा होते. पण आज कृत्तिका कुठे उगवतात ते तुम्ही स्वतः पाहू शकता. वर्ध्याहून पाहिलं तर त्या पूर्वेपासून सुमारे २६ अंश उत्तरेकडे उगवतात. २१ जूनचा सूर्य आपल्याकडे उगवतो तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला. म्हणजे जवळपास एकाच जागी! जूनमधला सूर्योदय कोणत्या झाडामागून होतो ते लक्षात ठेवा आणि नोव्हेंबरच्या संध्याकाळी कृत्तिका त्याच झाडामागून वर येताना मुलांना दाखवा. आकाश किती सरकलं ते पाठ न करता कळेल.

दीक्षितांच्या गणिताचा उपयोग परदेशी अभ्यासकांनाही झाला. जॉन फेथफुल फ्लीट यांनी गुप्तकालीन शिलालेखांवर काम केलं. त्यातल्या तिथी-वारांची गणितं करून दीक्षितांनी त्यांना मदत केली. त्यामुळे गुप्त संवताचा आरंभ पक्का व्हायला आधार मिळाला. फ्लीट यांचा तो ग्रंथ १८८८ मध्ये निघाला. रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर दीक्षितांनी ‘द इंडियन कॅलेंडर’ हे पुस्तक लिहिलं, तेही १८९६ मध्येच लंडनहून प्रसिद्ध झालं. जुन्या शिलालेखातली तिथी इंग्रजी तारखेत आणायला इतिहासकारांनी ते पुढे कितीतरी वर्षं वापरलं. म्हणजे एकाच वर्षी एक मोठा मराठी ग्रंथ आणि एक महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ. दिवसा वर्गात शिकवणं चालूच.

लवकर संपलेलं आयुष्य

एप्रिल १८९८ मध्ये दीक्षितांचं निधन झालं. वय अवघं ४४. मोठा ग्रंथ छापून जेमतेम दोन वर्षं झाली होती. ‘भारतवर्षीय भूवर्णन’ हे त्यांचं भूगोलाचं पुस्तक त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं. त्यांच्या ज्योतिषाच्या इतिहासाची पुढे हिंदी आणि इंग्रजी भाषांतरं झाली. या विषयावर काम करणाऱ्याला आजही तो ग्रंथ उघडावाच लागतो.

आणि त्या हरलेल्या वादाचं काय झालं? स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, भारत सरकारने शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती सायन सौर वर्षावर बांधलेली आहे. तिच्यात १ आषाढ म्हणजे २२ जून आणि १ पौष म्हणजे २२ डिसेंबर. म्हणजे महिने अयनदिनांना धरून बसवलेले आहेत. धार्मिक सण पूर्वीच्याच पद्धतीने राहिले, पण देशाच्या अधिकृत दिनदर्शिकेत वर्ष ऋतूंना बांधलं गेलं. दीक्षितांना जाऊन तेव्हा ५९ वर्षं होत आली होती. आकाशवाणीवर तारखेबरोबर शके आणि महिना ऐकू आला, की त्यामागची ही हकीकत मुलांना सांगायला हरकत नाही.

आपण काय करू शकतो?

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. २१ जूनला बहुधा वर्ग भरलेले नसतात, योग दिनापुरती मुलं आली तर आली. त्यामुळे हे काम पालकांनी हाती घ्यावं, अशी विनंती आहे. खर्च काहीच नाही.

एक मीटर लांबीची सरळ काठी अंगणात किंवा गच्चीवर उभी रोवा. ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते पाहा. दुपारी बारा ते साडेबारा या वेळात दर दोन-तीन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावली ती खरी मध्यान्हीची. वर्ध्यात २१ जूनला ती वेळ घड्याळात सुमारे १२ वाजून १७ मिनिटांनी येते. त्या दिवशी सावली जेमतेम ५ सेंटिमीटर असेल आणि पडेल दक्षिणेला! ढग आले तर निराश होऊ नका. अयनदिनाच्या आसपास सूर्य जवळजवळ थबकलेला असतो. आधी-नंतरच्या चार-पाच दिवसांत सावलीत डोळ्यांना फरक कळत नाही. ज्या दिवशी ऊन मिळेल त्या दिवशी करा.

हीच काठी २३ सप्टेंबरच्या सुमारास लावली तर मध्यान्हीची सावली सुमारे ३८ सेंटिमीटर उत्तरेला पडेल. २२ डिसेंबरला शाळा चालू असते, तेव्हा ती शाळेच्या मैदानात लावा. सावली सुमारे ९७ सेंटिमीटर, जवळजवळ काठीएवढी. मग पुन्हा १४ जानेवारीला मोजा. तोवर सावली आखूड होऊ लागलेली असेल. सूर्य उत्तरेकडे कधी वळला ते काठीच सांगेल, गुरुजींनी सांगायची गरज नाही.

आता त्या मुलीने पुन्हा विचारलं तर मी काय सांगेन, हे ठरलं आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, हे पुस्तकातलं बरोबर आहे आणि आपण ते मोजून पाहू शकतो. संक्रांत हा सूर्य मकर राशीत शिरण्याचा दिवस, आणि एके काळी दोन्ही एकाच सुमारास घडत होतं. आजीने जपलेली आठवण फार जुन्या आकाशाची आहे. तिळगूळ १४ जानेवारीलाच घ्यावा, पण उत्तरायणाची तारीख काठीला विचारावी. ती मुलगी आता शाळेतून पुढे गेली, पण तिच्या जागेवर दरवर्षी कोणीतरी बसलेलंच असतं आणि हात वर करतंच.

दीक्षितांजवळ पदवी नव्हती, वेधशाळा नव्हती, सवड तर नव्हतीच. जुनं आहे म्हणून त्यांनी मान डोलावली नाही आणि जुनं आहे म्हणून टाकूनही दिलं नाही. प्रत्येक वेळी ग्रंथ उघडला आणि मग अंगणात येऊन वर पाहिलं. आपल्या शाळेत एवढं तरी व्हायला काय हरकत आहे?

यंदा काठी रोवून सावली मोजा, मुलांच्या वहीत तारीख आणि सेंटिमीटर लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी तीच वही उघडून पुन्हा मोजा. माहिती आवडली असेल तर आपल्या शिक्षक मित्रांना आणि पालकांना नक्की सांगा.